बाबांच्या तोंडून

१४ जुलै, सोमवार

वर्गात स्मार्ट पॅनल लागलं एकदाचं. प्राचार्य सरांनी नारळ फोडला, कुंकू लावलं आणि वरचं प्लास्टिक तसंच राहू द्या म्हणाले. म्हटलं, सर, प्लास्टिकवरून बोट चालत नाही. "जपून वापरा मॅडम, जिल्ह्याहून आलेली वस्तू आहे." सर गेल्यावर मीच काढलं.

नववीचा इतिहास नेमका जेवणाच्या सुट्टीनंतर. फ्रान्सची राज्यक्रांती. राज्य हिंदी म्हणून पुस्तक हिंदी, पोरं मराठी, राजा फ्रान्सचा. अर्धा वर्ग पेंगतो, बाकीचा अर्धा खिडकीतून संत्र्याची गाडी गेली की नंबर वाचतो. मीही वाचला असता त्यांच्या जागी.

लेक मुक्ता उन्हाळ्यात नागपूरहून आली होती तेव्हा मोबाइलवर एक ॲप दाखवून गेली. फोटो टाकायचा, खाली वाक्यं लिहायची, फोटो ओठ हलवून बोलतो. तेव्हा म्हटलं होतं, काय पोरखेळ आहे. आता वाटून राहिलं, करून तर पाहावं.

१७ जुलै

राजा बोलला!

जुन्या चित्रातला राजा, पांढरे कुरळे केस, टीव्हीवरच्या बातम्यांसारख्या हिंदीत म्हणाला, प्रजाजनों, खजाना खाली है. वर्ग हसून हसून लोळला. "मॅडम, मराठीत करा ना." मराठी केलं तर पुण्याच्या पाहुण्यासारखा बोलायला लागला. "याले आपल्यासारखं नाही येत काय?" नाही येत म्हटलं. पण कोणी पेंगलं नाही. तास संपला तरी उठत नव्हते.

मग आचलनं विचारलं, "मॅडम, राजा खरंच असं म्हणला होता काय?"

आचल भिंतीकडच्या बाकावर बसते. तिचे बाबा संत्र्याची गाडी चालवत, दूरदूरच्या मंडीत जात. मागच्या हिवाळ्यात कावीळ झाली, गेले. तेव्हापासून पोरगी हजेरीपुरतं तोंड उघडते. आज स्वतःहून बोलली. वाक्यं तर सगळी माझी होती, रात्रीच्या भाजीला फोडणी देता देता सुचलेली.

तसंच सांगितलं वर्गाला. आणि नियम केला. ज्याला बोलतं कराल त्याचं बोलणं कुठून घेतलं ते सांगायचं. पुस्तकातलं तर पुस्तकातलं, मनातलं तर मनातलं. पॅनलच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, "कुठून घेतलं?"

२८ जुलै

गट पाडले. घरचे मोबाइल आणा म्हटलं तर काहींनी आणले, काहींच्या घरी एकच, तो बापाच्या खिशात. वाटून घेतलं.

आचलच्या गटानं पॅरिसची बाई केली. भाकरी महाग झाली म्हणून राजाच्या महालावर चालत गेलेल्या बायांपैकी एक. चित्र पोरींनी काढलेलं, डोक्यावर पदर दिला आहे तिच्या! ॲपचा आवाज घेतलाच नाही, आचल स्वतः बोलली. "आमच्या घरी पीठ नाही. तुमच्या घरी काऊन आहे?"

बस, का म्हणून, एवढंच. मग टाळ्या. आचल खाली पाहून म्हणाली, "महागाई पुस्तकातली. बोलणं माझं."

इतक्या वर्षांत हा धडा मलाही आज समजला असं वाटलं. घरी येऊन अनिलला सांगत सुटली. ते पांढुर्ण्याहून दमून आले होते, तरी पूर्ण ऐकलं. म्हणाले, "पदराची फ्रेंच बाई मलेही दाखव."

१५ ऑगस्ट

झेंडा. बुंदी. पाहुण्यांना पॅनल दाखवलं, पोरांनी बाई दाखवली. प्राचार्य सर खूश. ऑक्टोबरात पांढुर्ण्याला जिल्ह्यातल्या शाळांचं प्रदर्शन आहे, आपल्याकडून इतिहासच जाईल म्हणाले. विज्ञानवाले डोंगरे सर जरा नाराज दिसले. चहा पाजला त्यांना.

२५ ऑगस्ट, सोमवार

पोळ्याच्या सुट्टीनंतर पहिला दिवस. बरीच पोरं पांढुर्ण्याची गोटमार पाहून आलेली, कोणी घरच्यांची नजर चुकवून. नदीच्या दोन काठांवरचे लोक एकमेकांवर दगड का मारतात, कधीपासून, हे विचारलं. जितकी पोरं तितक्या गोष्टी. कोणी म्हणे पळवून नेलेल्या पोरीवरून, कोणी म्हणे लढाईवरून. भांडायलाच लागले. म्हटलं, भांडू नका, प्रत्येकानं कोणाकडून ऐकलं ते सांगा. आजी, मोठे काका, सलूनवाला, मोबाइल. पॅनलवर नकाशासारखं मांडलं. छान तास झाला.

आचल आज बोलली नाही. डोळे सुजलेले.

२ सप्टेंबर

आचल वर्गात झोपली. डोकं बाकावर, चक्क झोपली. तिच्या शेजारची कोमल हळूच म्हणाली, "मॅडम, ती घरी बाबांसंगं बोलते."

मला वाटलं, फोटोसमोर बसत असेल. आपणही बसतो.

४ सप्टेंबर

फोटोसमोर नाही. फोटोच बोलतो.

सुट्टीत थांबवून घेतलं तिला. आधी काही नाही, काही नाही. मग मोबाइल काढला. आईचा मोबाइल, कोपऱ्यात तडकलेला. त्यात तिचे बाबा. कोणाच्या तरी लग्नातला फोटो, फेटा बांधलेला, मागे मंडपाचं कापड. ओठ हलले. "रेखा, जेवून घे."

रेखा म्हणजे तिची आई. हा ॲपचा आवाज नव्हता, माणसाचा होता. गाडीवर असताना ते घरी आवाजाचे मेसेज पाठवत, खूप पाठवत, ते सगळे मोबाइलमध्ये होते. त्यावरून आवाज उचलता येतो म्हणे. मी शिकवलं नव्हतं. मी फोटोपर्यंतच शिकवलं. पुढचं तिनं स्वतः शोधलं.

म्हणाली, आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. कामावर जाणं बंद, जेवण बंद, शेजारच्या काकू भाजी आणून द्यायच्या. एक दिवस हे करून उशाशी ठेवलं. आई उठली. जेवली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आज काय म्हणतात ते?

तेव्हापासून रोज. आई विचारते, ही आतल्या खोलीत जाऊन लिहिते, बाबा बोलतात.

"आईले माहीत आहे ना, तूच लिहिते म्हणून?"

"काय माहीत मॅडम. मी नाही विचारलं."

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. पोरांनी पेन दिला, गुलाब दिला, आचलनं हातानं केलेलं कार्ड. सगळ्यांसमोर हसली मी. आत काय चालू होतं ते मलाच ठाऊक.

मुक्ताला फोन केला. "आई, आधी ते मिटवायला सांग. हे बरं नाही." तिचं खरं आहे. पण ती बाई त्या आवाजावर उठून जेवून राहिली. मिटवा म्हणणारी मी कोण?

अनिल म्हणाले, घाई नको करू, पोरगी येते ना तुझ्याकडे, येऊ दे.

९ सप्टेंबर

आली. सगळे गेल्यावर. दप्तर छातीशी धरून उभी.

नागपूरचे मामा बोलावून राहिले. त्यांच्या घरात वरची खोली रिकामी आहे, बहिणीला एका मेसमध्ये स्वयंपाकाचं काम मिळवून देतो म्हणतात, भाचीला तिथल्या शाळेत घालू. चांगला माणूस आहे, दर महिन्याला चक्कर मारतो. आईनं रविवारी मोबाइल समोर धरून विचारलं, "सांगा, जाऊ काय?"

"मग?"

"मी लिहिलं, जाऊ नको, इथंच राहा. बाबांनी सांगितलं. आईनं लगेच मामाले फोन करून नाही म्हणून सांगितलं."

तिला हुंदका फुटला. "मॅडम, बाबा काय म्हणले असते, मले नाही माहीत. मलेच नाही जायचं. मी बाबांच्या तोंडून माझंच बोलली. कोणी विचारलं, कुठून घेतलं, तं काय सांगू?"

जवळ घेतलं. दुसरं काय करणार.

शांत झाल्यावर म्हटलं, आईला सांगावं लागेल, बेटा. तर एकदम मागे सरकली. "सांगितलं आणि आई पुन्हा भिंतीकडे झाली तं?"

चौदा वर्षांची पोरगी घर चालवून राहिली, मेलेल्या बापाच्या नावानं. आणि हे माझ्या तासापासून सुरू झालं. प्रदर्शनाच्या यादीत तिचं नाव मी पहिलं लिहिलं होतं.

१० सप्टेंबर

प्राचार्य सरांच्या कानावर गेलंच. पोरं सांगतात. बोलावलं. "मॅडम, ती पोरगी बापाले बोलतं करते म्हणे! प्रदर्शनात तेच ठेवा. लोक रडतील."

"म्हणूनच नाही ठेवायचं सर."

वाद झाला. मी आवाज चढवला, कधी नाही तो. शाळेचं नाव, जिल्हा नवीन, आपल्याला संधी, हे ते. मग मी सगळं सांगितलं. आई, भिंत, जेवण, नागपूर. सर ऐकता ऐकता चष्मा पुसायला लागले.

उठली तर म्हणाले, "माझ्या आईचा एक मेसेज आहे मोबाइलमध्ये. दवाखान्यातून केलेला." थांबले. "त्याच्यावरून..." चष्मा पुन्हा लावला. "असो. तुम्ही म्हणता तसं."

सर इतकी वर्षं ओळखीचे. आज वेगळेच दिसले.

१३ सप्टेंबर, शनिवार

सौंसरहून स्कूटीनं मोहगावला गेली, आचलच्या घरी. तिनंच म्हटलं होतं, "मी सांगते, पण तुमी बसा."

नीट लिहून ठेवते. विसरायचं नाही.

रेखाबाई ओसरीवर ज्वारी निवडून राहिल्या होत्या. मी आली म्हणून पदर सावरला, सतरंजी टाकली. बारीक झाल्या आहेत, पण केस विंचरलेले. चहा झाला. आचल दाराच्या चौकटीला टेकून, ओढणीचं टोक पिळत. मी बोलणार होती तोच तिनं सांगून टाकलं, एका दमात. "आई, मोबाइलमधले बाबा मी लिहिते. ते जे बोलतात ते सगळं मी बोलते. नागपूरले जाऊ नको, ते पण मीच म्हटलं."

रेखाबाईंचा हात सुपात तसाच. खडा सापडला, बाजूला टाकला.

"मले माहीत आहे," म्हणाल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. त्यायनं मले कधी नावानं हाक मारली काय? लग्न झाल्यापासून 'ऐक ना' म्हणे. जास्तीत जास्त 'आचलची आई'. मोबाइल म्हणला, रेखा, जेवून घे. तवाच समजलं, हे त्यायचं नाही."

आचलनं ओढणी सोडली. मग म्हणाली, "तं मग उठली काऊन तू?"

"पोरगी म्हणून राहिली होती, जेव. नाही कशी उठू?"

मी चहाच्या कपात पाहत बसली. वर पाहायची सोय नव्हती.

मग रेखाबाईच बोलल्या, थांबत थांबत, माझ्याकडे पाहून पण पोरीला. "हे गेल्यापासून हे पोट्टी माझ्याशी बोलेच नाही मॅडम. काय विचारलं की, काही नाही आई. भूक लागली काय, काही नाही आई. मीही पडून राहिली, माझंही चुकलं. मग मोबाइलमधून बोलायला लागली. आज भाजी तिखट कर म्हणे. काकूच्या घरी जाऊन बस म्हणे. म्हटलं, हिच्या मनातलं आता इथूनच समजते तं इथूनच समजू दे. म्हणून रोज विचारत गेली. नागपूरचं विचारलं तेही तिलेच विचारलं मी. तिले नाही जायचं समजलं, भावाले नाही म्हणून सांगितलं."

आचल रडत होती की हसत, समजेना. आईजवळ जाऊन बसली. सूप सांडलं. दोघी ज्वारी गोळा करत बसल्या, मीही.

निघताना रेखाबाई दारापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "पण मॅडम, आवाज तं त्यायचाच होता ना." मग लगेच, "ते मिटवायले नका लावू तिले."

नाही म्हटलं.

येताना स्कूटी रस्त्याच्या कडेला लावून थोडा वेळ उभी राहिली. संत्र्याच्या बगीच्यात कोणी फवारणी करून राहिलं होतं. वास नाकात गेला, डोळ्यातही. निमित्त बरं झालं.

१५ सप्टेंबर

आचल लवकर आली. काल दोघींनी बाबांचे खरे मेसेज ऐकले. आईनं आतापर्यंत एकही ऐकला नव्हता, हिंमत झाली नव्हती. "काय आहे त्यात?" म्हटलं.

"काहीच नाही मॅडम. टायर पंक्चर झाला. इथं चहा बेकार आहे. आचलचा बूट फाटला काय पाहून ठेव. एकात तं नुसतंच, ऐक ना, हॅलो, ऐक ना, आणि मग ट्रकचा हॉर्न." सांगता सांगता हसू आलं तिला. "आईनं विचारलं, नागपूरले जाऊ काय, यात कुठं आहे काय? मी म्हटलं, नाही, कुठंच नाही."

वर्गात यातलं काही बोलली नाही मी. ती त्यांच्या घरची गोष्ट. जंगलाचा धडा घेतला, लोकांचे हक्क, लाकूड, चराई. पोरांना म्हटलं, या वेळी कोणाला बोलतं करायचं नाही. मोगऱ्याच्या काकांना, आजोबांना, ज्यांनी जंगल पाहिलं त्यांना मोबाइलवर बोलू द्या, आपण ऐकू. अडखळले तरी कापायचं नाही.

(मोगरा म्हणजे डोंगराकडून येणाऱ्या राहुलचं गाव. त्याच्या आजोबांना दमा आहे, मध्ये मध्ये नुसता खोकला येईल. येऊ दे.)

१८ सप्टेंबर

लाइन नाही, पॅनल बंद. पोरांचे मोबाइल टेबलावर ठेवून ऐकलं. राहुलचे आजोबा बराच वेळ एका म्हशीबद्दलच बोलले. वर्ग कंटाळला नाही, आश्चर्य.

आचलनं विचारलं, "म्हशीचं लिहून घेऊ काय?" घे म्हटलं. इतिहासात म्हशी फार कमी आल्या आहेत.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. उपवास, डोकं दुखलं.

मामांचा पुन्हा फोन आला होता. जोर नाही केला म्हणे, फक्त म्हणाले, दसऱ्याच्या आत एकदा येऊन खोली तरी पाहून जा. आता रेखाबाई विचारून राहिल्या आचलला, सरळ, तोंडावर. आणि आचलला सांगता येऊन नाही राहिलं.

"आधी पक्कं होतं मॅडम, नाही जायचं. आता आई विचारते तं वाटते, आईनं इथं काय करायचं? निंदण संपलं की कामच नाही. तिथं तिले चार लोक भेटतील." मग, "नागपूरच्या शाळेत इतिहास मराठीत असते काय?"

असते, म्हटलं.

"आणि तुमच्यासारखं, मोबाइलवर?"

शाळेशाळेवर असते, म्हटलं. मी मात्र स्वार्थ पाहत होती. प्रदर्शनाला ही पाहिजे. वर्गात ही पाहिजे. नको जाऊ म्हणायला तोंड उघडलं होतं. बंद केलं. तिच्या वतीनं बोलणारे पुष्कळ झाले, त्यात माझी भर कशाला.

२५ सप्टेंबर

प्राचार्य सर व्हरांड्यात भेटले. सहज विचारल्यासारखं, "त्या पोरीनं मिटवलं काय ते?" नाही म्हटलं. आहे, पण नवीन करत नाही. मान हलवली. "मी माझा ऐकला काल. आईचा. डबा आणू नको म्हणते, इथलं जेवण बरं आहे." पुढे गेले. मग वळून, "प्रदर्शनाचं पाहा मॅडम, तारीख जवळ आली."

२७ सप्टेंबर, शनिवार

सौंसरच्या बस स्टँडवर फळं घ्यायला थांबली तर समोर रेखाबाई आणि आचल. नागपूरची गाडी लागायची होती. एकच पिशवी होती दोघींत, लहान. मी पिशवीकडे पाहिलं ते रेखाबाईंनी पाहिलं.

"खोली पाहून येतो मॅडम. बस, पाहून."

"आणि शाळेचा दाखला, टीसी?" तोंडातून निघूनच गेलं.

"ते नाही मागितलं अजून." आचलकडे पाहून, "हे सांगन तसं."

आचलनं नवीन ड्रेस घातला होता, वेण्या घट्ट. घाबरलेली दिसत होती आणि उत्साहातही, या वयात दोन्ही एकदम असते. मी संत्री घेतली होती ती तिच्या हातात दिली. हंगामाच्या आधीची, आंबटच असतील. रेखाबाई नाही नाही म्हणत राहिल्या.

गाडी आली. गर्दी होती, तरी खिडकी मिळाली. गाडी हलल्यावर आचलनं तोंड बाहेर काढलं. "मॅडम, सोमवारी पुढचा धडा घेणार काय?"

"हो, का?"

"मी असली तं घ्या ना!"

असली तर, म्हणाली. आली तर नाही, येईन नाही, असली तर. की मीच जास्तीचं ऐकून राहिली? कंडक्टरनं दार लावलं.

सोमवारी नववीला इतिहासाऐवजी भूगोल घेईन.